जुन्या मोटरहोमच्या पत्र्यावरचे तुटलेले रिव्हेट बदलताना: बेळगाव-खानापूर भागातल्या नवख्यांसाठी

तुटलेल्या रिव्हेटच्या जागी नुसता नवा ठोकला तर तो बहुतेक वेळा पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो. रिव्हेट उगाच तुटत नाही. आत फ्रेम गंजलेली असते, नाहीतर पत्रा सुटून हलत असतो, नाहीतर मागच्या कुणीतरी चुकीच्या मापाचा रिव्हेट घातलेला असतो. ते कारण तसंच ठेवून केलेलं काम म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून या लेखात ठोकण्याआधीच्या कामावर जास्त भर आहे.

जुनी टाटा ४०७, मॅटाडोर, मिनीबस किंवा लिलावातली बस घेऊन तिची राहण्याची गाडी करणारे आपल्याकडे आता बरेच दिसतात. यातल्या बांधलेल्या बॉडीच्या बऱ्याच गाड्यांची बाहेरची कातडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, आतली फ्रेम बहुतेक लोखंडी, आणि दोन्ही रिव्हेटने जोडलेल्या. परदेशी ॲल्युमिनियम कॅरॅव्हॅनवरही काम याच पद्धतीने होतं. फरक रिव्हेटच्या जातीत आहे, तो पुढे येईल.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवा. त्यानंतर वळिवाचा भरवसा नाही. पत्रा उघडा असताना एक वळीव आत शिरला की प्लाय फुगलाच. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हे काम उघड्यावर काढूच नका.

१. रिव्हेट का तुटला ते आधी बघा

गाडी धुऊन कोरडी करा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पत्र्याच्या कडेने नजर टाका. फुगवटा, लाट, सुटलेली कड सगळं दिसतं. मग प्रत्येक रिव्हेटवर बोट ठेवून शेजारच्या पत्र्यावर हलकेच ठोका. घट्ट रिव्हेट बोटाला काही सांगत नाही, ढिला रिव्हेट थरथरतो.

तीन खुणा लक्षात ठेवा.

रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट ओघळ असेल तर रिव्हेट भोकात हलतोय आणि धातू घासून त्याची भुकटी बाहेर पडतेय. डोकं शाबूत दिसलं तरी हा रिव्हेट गेलेला आहे, तो बदलायच्या यादीत घ्या.

पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. आत पाणी थांबतंय आणि लोखंड-ॲल्युमिनियमचा थेट संपर्क आहे.

डोकं उडालंय आणि आतून तांबूस गंज दिसतोय, ही सगळ्यात वाईट अवस्था. लोखंडी रिबवरचा (फ्रेमच्या आतल्या पट्टीवरचा) गंज फुगतो आणि पत्र्याला आतून ढकलतो. त्या ताणाने एकामागून एक डोकी उडतात. इथे नुसते रिव्हेट बदलून भागणार नाही, पत्रा सोडवून रिब साफ करावी लागेल.

ओळीत लागून पाच-सहा रिव्हेट तुटले असतील तर त्या जागी फ्रेमचा वेल्ड सुटलाय का, स्प्रिंगचा पट्टा तुटून गाडी एका बाजूला बसलीय का, हेही तपासा. चोर्ला घाटाची वळणं आणि खड्डे फ्रेमला पिळतात, आणि तो पीळ शेवटी सगळ्यात कमजोर जोडावर येतो. मागच्या चाकांच्या वरचा पट्टा आणि दाराची चौकट या दोन जागा आधी बघा.

२. गाडीवर कुठल्या जातीचा रिव्हेट आहे?

भरीव रिव्हेट: बाहेरून गोल गुळगुळीत डोकं, आतून ठोकून चपटं केलेलं. बसवायला दोन्ही बाजूंनी हात पोचावा लागतो आणि माणसं दोन लागतात. जोड सगळ्यात मजबूत हाच. डोक्याच्या मधोमध बारीक खळगी असेल तर तो कडक मिश्रधातूचा आहे. डोकं साफ असेल तर बहुधा मऊ ॲल्युमिनियमचा.

पॉप रिव्हेट: मधे खिळा असतो, गनने ओढला की तुटतो. एकाच बाजूने बसतो. साध्या पॉप रिव्हेटला मधून आरपार भोक राहतं आणि तिथून पाणी आत जातं. बाहेरच्या पत्र्यासाठी बंद तोंडाचाच घ्या, दुकानात त्याला सील्ड किंवा क्लोज्ड एंड म्हणतात. नवख्यांच्या कामात पाणी गळतं त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे छतावर घातलेले साधे पॉप रिव्हेट.

तासायचा रिव्हेट: एअरस्ट्रीमसारख्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या दुरुस्तीत ऑलिंपिक नावाचा रिव्हेट वापरतात. तो बाहेरून बसतो, आत त्याच्या तीन पाकळ्या उलगडतात, आणि डोक्यावरचा उरलेला खिळा तासला की तो भरीव रिव्हेटसारखा दिसतो. आपल्याकडे तो हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो. बसच्या बॉडीला त्याची गरज नाही.

रिब पाइपसारखी बंद असेल तर आत डॉली (रिव्हेटला मागून टेकवायचा पोलादी ठोकळा) लावता येत नाही. तिथे बंद तोंडाचा पॉप रिव्हेट हाच मार्ग. रिब उघडी, म्हणजे झेड किंवा टॉप-हॅट आकाराची असेल आणि आतला प्लाय काढणार असाल, तर भरीवच घाला.

३. मापं

बेळगावात काय, निपाणीत काय, जुना दुकानदार सुताच्या भाषेत बोलतो. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच. तेव्हा:

- एक सूत = ३.२ मिमी, भोक ३.३ मिमी
- सव्वा सूत = ४.० मिमी, भोक ४.१ मिमी
- दीड सूत = ४.८ मिमी, भोक ४.९ मिमी

जुनं माप डोक्यावरून ठरवू नका. एक रिव्हेट काढून दांडी व्हर्नियरने मोजा.

लांबीसाठी सगळ्या थरांची जाडी मोजा. १८ गेजचा पत्रा १.२ मिमी आणि १६ गेजचा १.६ मिमी. जोडावर १८ गेजचे दोन पत्रे आणि २ मिमीची रिब असेल तर एकूण ४.४ मिमी. भरीव रिव्हेटला या जाडीत व्यासाच्या दीडपट मिळवा. ४ मिमीचा रिव्हेट असेल तर ४.४ + ६ = १०.४, म्हणजे साधारण साडेदहा मिमी दांडी. ठोकल्यावर आतलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच झालं पाहिजे, म्हणजे ६ मिमी रुंद आणि २ मिमी उंच. दांडी लांब ठेवली तर ठोकताना वाकते, आखूड ठेवली तर डोकंच बनत नाही. पॉप रिव्हेटच्या पाकिटावर तो किती ते किती मिमी जाडीला चालतो ते लिहिलेलं असतं, तुमची जाडी त्या दोन आकड्यांच्या मधे यायला हवी.

रिव्हेटचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. ४ मिमीला ८ मिमी. याच्या आत गेलात तर पत्रा कडेकडून फाटतो.

संख्या काढायची तर ४० मिमी अंतराने एक मीटर जोडाला २६ रिव्हेट. त्यावर पंधरा-वीस टक्के जास्त घ्या. पहिल्या दिवशी बरेच वाया जातात.

४. सामान आणि कागद

- ड्रिल मशीन, २.५, ३.३, ४.१ आणि ४.९ मिमीचे चांगले बिट (प्रत्येकी दोन-तीन, स्वस्तातले घेऊ नका)
- सेंटर पंच, ३ आणि ४ मिमीचा पिन पंच, छोटा हातोडा
- पॉप रिव्हेटसाठी लांब दांड्याची गन. ४.८ मिमीचा रिव्हेट छोट्या गनने ओढायला गेलात तर मनगट जाईल
- भरीव रिव्हेटसाठी हवेवरची रिव्हेट गन, कॉम्प्रेसर, डोक्याच्या मापाचा स्नॅप (गनला लावायचं वाटीसारखं टोक) आणि डॉली
- पत्रे धरून ठेवायला क्लेको (भोकात घालायचा स्प्रिंगचा तात्पुरता चिमटा). ते मिळत नसतील तर ३ मिमीचे नट-बोल्ट
- ॲल्युमिनियमला चालणारा झिंक क्रोमेट किंवा एच (etch) प्रायमर
- पॉलियुरेथेन सीलंट आणि ब्युटाइल टेप
- गॉगल, कानाला लावायचे मफ, हातमोजे

स्नॅप आणि डॉली तयार घेण्यापेक्षा उद्यमबागेतल्या एखाद्या टर्निंगच्या कारखान्यात करून घेणं सोपं. नमुन्याचा एक रिव्हेट सोबत न्या. स्नॅपची वाटी डोक्यापेक्षा किंचित उथळ, मोठ्या गोलाईची हवी, म्हणजे ती डोक्याच्या मध्यावर टेकते आणि कडेने पत्र्याला वळ उठत नाही. डॉली म्हणजे पोलादी ठोकळा, ३.२ मिमीला दीड किलोच्या आसपास, ४ मिमीला दोन किलोपर्यंत. तोंड आरशासारखं घासून घ्या.

स्टेनलेस किंवा लोखंडी रिव्हेट ॲल्युमिनियमच्या पत्र्यात घालू नका, "मजबूत आहे" म्हणून दुकानदाराने कितीही पुढे केला तरी. ओल आली की त्याच्याभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. तसंच व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन टाळा. त्यातलं आम्ल धातूला लागतं आणि त्यावर रंगही धरत नाही.

कागदांचं थोडक्यात. आहे तोच पत्रा, तोच आकार, तोच रंग ठेवून रिव्हेट बदलले तर आरसीत काही बदल करावा लागत नाही. रंग बदलणार असाल तर आरटीओत नोंद हवी. अपघातात पत्रा उसवला असेल आणि विम्याचा दावा करायचा असेल तर एकही रिव्हेट काढायच्या आधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी घेऊन इकडेच ठेवणार असाल तर बारा महिन्यांच्या पुढे केए-२२ सारखा इकडचा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. आरसी, विमा आणि विक्रीचा कागद एका फाइलमध्ये तयार ठेवा.

५. आतली बाजू उघडा

मोटरहोमच्या भिंतीत वायर असतात, पाण्याची नळी असते, कधी गॅसची नळीही असते. बाहेरून ड्रिल मारणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सिलिंडर काढून गाडीपासून लांब ठेवा, बॅटरीची वायर सोडा, बाहेरचं लाइटचं कनेक्शन काढा. शक्य असेल तिथला प्लाय आणि काचलोकर काढाच. नाहीच निघालं तर बिटला टेप गुंडाळून खूण करा आणि ८-१० मिमीच्या पुढे बिट जाऊ देऊ नका.

६. जुना रिव्हेट काढणं

बहुतेक नुकसान याच पायरीला होतं, म्हणून इथे घाई नको.

भरीव रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचने खूण करा. आतून कुणीतरी डॉली टेकवून धरलेली असू द्या, नाहीतर पंचच्या ठोक्याने पत्र्याला खोक पडेल. डोकं फार गोल असेल तर कानशीने वरचा टिकलीएवढा भाग सपाट करून घ्या. आता २.५ मिमीच्या बिटने हळूहळू भोक पाडा, फक्त डोक्याच्या उंचीइतकं. बिटला थोडं मेण लावलं तर ॲल्युमिनियम चिकटत नाही. मग दांडीच्या मापाचा किंवा त्याहून किंचित बारीक बिट लावा आणि डोकं सैल होईपर्यंतच फिरवा. पूर्ण आरपार जाऊ नका. पिन पंच भोकात घालून बाजूला कलता केला की डोकं टोपीसारखं निघतं. उरलेली दांडी पिन पंचने आत ठोकून पाडा. ठोकताना रिबला आतून आधार हवा.

पॉप रिव्हेटला आधी मधला खिळ्याचा तुकडा पिन पंचने आत पाडा. तो लोखंडी असतो आणि तो तसाच ठेवला तर बिट त्याच्यावरून घसरून शेजारच्या मऊ पत्र्यात घुसतो. त्यामुळेच भोकं अंडाकृती होतात. रिव्हेट बिटबरोबर गरगर फिरायला लागला तर जोर वाढवू नका, भोक मोठं होईल. पातळ पटाशीची धार डोक्याच्या कडेखाली तिरपी दाबून धरा आणि मग ड्रिल फिरवा.

ग्राइंडरने डोकी उडवायची सवय काही गॅरेजमध्ये आहे. काम झटपट होतं, पण पत्र्यावर चंद्रकोरीसारखे चरे पडतात आणि पातळ पत्रा तिथेच चिरतो. काम दुसऱ्याला दिलं असेल तर हे आधी स्पष्ट सांगा.

सगळे रिव्हेट एकदम काढू नका. पत्रा स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि मग भोकं जुळत नाहीत. एकाआड एक काढा, आणि दर चौथ्या भोकात क्लेको किंवा नट-बोल्ट लावत चला. पडलेले तुकडे आणि खिळे चुंबकाने व ब्लोअरने बाहेर काढा. लोखंडी तुकडा खालच्या गटरमध्ये राहिला तर तिथूनच पुढचा गंज सुरू होतो.

७. भोक बिघडलं असेल तर

गोल पण मोठं झालेलं भोक असेल तर पुढच्या मापाला जा: ३.२ वरून ४, ४ वरून ४.८. त्याच्या पुढे जाऊ नका. अंडाकृती भोक ४.८ नेही भागत नसेल तर आतून १६ गेजच्या ॲल्युमिनियमची पट्टी लावा, जुनं भोक तिने झाका आणि दोन जुन्या भोकांच्या मधोमध नवं पाडा. कडेचं अंतर दोन व्यासांचं राहतंय ना, ते पुन्हा मोजा.

एकाच ओळीत दुप्पट रिव्हेट घालून जोड मजबूत होत नाही. भोकं जवळ आली की पत्रा पोस्टाच्या तिकिटासारखा त्या रेषेवर फाटतो. दोन रिव्हेटच्या मध्यांत व्यासाच्या चौपट अंतर हवंच.

प्रत्येक भोकाच्या काठावर आलेली धार मोठा बिट हाताने दोन-तीन वेळा फिरवून काढा. पत्रे किंचित उघडून मधला कीसही साफ करा. तो राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि रिव्हेट पहिल्या दिवसापासून ढिला राहतो.

८. गंज, प्रायमर, सीलंट

लोखंडी रिब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. ॲल्युमिनियमला तोच ब्रश लावू नका, लोखंडाचे कण त्यात रुततात. तिथे पॉलिश पेपर किंवा प्लास्टिकचा स्क्रबर वापरा. थिनरने पुसून दोन्ही धातूंना प्रायमर द्या, पूर्ण वाळू द्या, मग रिबवर ब्युटाइल टेप आणि पत्र्याच्या जोडात सीलंट. टेपमुळे लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकत नाहीत.

सीलंटची ५ मिमी जाड रेघ ओढली तर ३१० मिलीची एक नळी साधारण १५ मीटर पुरते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्र्यावर दव असतं. हाताला कोरडा लागला तरी नऊ-दहापर्यंत थांबा.

९. नवा रिव्हेट बसवणं

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची ठेवा. तीन मीटरचा ॲल्युमिनियम पत्रा ३० अंशांनी तापला की सुमारे दोन मिलिमीटर वाढतो आणि त्याखालची लोखंडी रिब फक्त एक मिलिमीटरच्या आसपास. भर दुपारी फुगलेल्या अवस्थेत ठोकलेला पत्रा रात्री आक्रसतो आणि तो फरक रिव्हेटच्या दांड्यांवर येतो.

सुरुवात ओळीच्या मध्यातून करा आणि दोन्ही टोकांकडे जा. टोकाकडून सुरुवात केली तर सगळा फुगवटा दुसऱ्या टोकाला जमा होतो.

पॉप रिव्हेट: दांडीला सीलंटचा ठिपका लावा, भोकात घाला, गनचं तोंड पत्र्याला काटकोनात दाबून धरा आणि खिळा तुटेपर्यंत ओढा. गन तिरपी झाली तर डोक्याची एक कड उचललेली राहते. नखाने चाचपडून बघा, नख आत शिरलं तर तो काढून दुसरा घाला.

भरीव रिव्हेट: बाहेरचा माणूस गन धरतो, आतला डॉली. हवेचा दाब ३.२ मिमीला ४० पीएसआयच्या आसपास, ४ मिमीला ५०-६०. आधी टाकाऊ पत्र्यावर दहा-बारा ठोकून दाब ठरवा. आतल्याने "धरलं" म्हटल्याशिवाय बाहेरच्याने ट्रिगर दाबायचा नाही. डॉली नसताना गन चालली की पत्रा खोलगट होतो आणि ती खोक परत निघत नाही. दोन-तीन सेकंदांत डोकं बनलं पाहिजे. जास्त वेळ ठोकलं तर धातू कडक होऊन चिरतो. आतलं डोकं एका बाजूला झुकलं असेल तर डॉली तिरपी होती. थोडं झुकलेलं चालतं, दांडी वाकून पडली असेल तर नाही.

दहा रिव्हेट झाले की जोडातून बाहेर आलेलं सीलंट लगेच पुसा. वाळल्यावर ते खरवडताना रंग निघतो.

१०. पाण्याची परीक्षा

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं, दिवसाला साधारण ३ मिमी. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत याहून जास्त वेळ लागतो, म्हणून निदान तीन दिवस थांबा. मग नळीने पाणी खालच्या जोडापासून सुरू करा, एका टप्प्यावर दहा मिनिटं, आणि हळूहळू वर चढा. वरूनच सुरुवात केली तर पाणी आतून कुठेही ओघळतं आणि मूळ जागा सापडत नाही. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं आणि ओल दिसली की तिथेच खडूने खूण करायची. प्लाय आणि काचलोकर ही परीक्षा पार पडल्यावरच परत बसवा.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर, आणि त्यात एखादा घाट झालेला असावा, सगळे नवे रिव्हेट पुन्हा बोटाने तपासा. डोक्याभोवती काळी रेघ उमटली असेल तर तो भोकात घट्ट बसलेला नाही, एक माप वाढवून बदला. त्याच जागी दुसऱ्यांदा तुटला तर रिव्हेट सोडा आणि फ्रेमचा वेल्ड उघडून बघा.